मॅक्ग्रेगर टेकडीवरील घर

न्यूयॉर्क संस्थानांत सॅराटोगाच्या उत्तरेस मॅक्ग्रेगर नांवाची टेकडी आहे. तिच्या माथ्याजवळ रुंद पडवीचें एक लाकडी घर लागतें. यादवी युद्ध जिंकणारे, आणि १८६९ पासून १८७७ पर्यंत अमेरिकेचें अध्यक्षपद भूषविणारे जनरल ग्रँट एका स्नेह्याच्या या घरीं १८८५ च्या जूनमध्यें राहावयास आले, तेव्हां मृत्यु जवळ आल्याचें त्यांस ठाऊक होतें.

माणसें पारखण्यांत हा सेनापति नेहमींच चुकला. अध्यक्ष असतांनाही भोंवतालच्या मंडळींनीं त्यांचें नांव बदनाम केलेंच होतें. १८८४ सालीं भागीदाराच्या लबाडीनें पेढी बुडाली व सारें कुटुंब धुऊन निघालें. माजी अध्यक्षांस त्या काळीं निवृत्तिवेतन नसे. पाठोपाठ घशाचा कर्करोग! पत्नी ज्यूलियाबाईंची सोय लागावी म्हणून त्यांनीं आत्मवृत्त लिहावयास घेतलें.

घरांत दोन चामडी खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या आहेत. आडवें होतां येत नसे, म्हणून एकींत बसून व दुसरीवर पाय ठेवून ते रात्र काढीत. आवाज गेल्यावर चिटोऱ्यांवर लिहून बोलत. जगप्रवासांत १८७९ सालीं आमच्या मुंबईनें ज्यांचें थाटानें स्वागत केलें, तेच हे गृहस्थ!

हस्तलिखित पुरें झालें आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै रोजीं, ते वारले. प्रकाशक मात्र या खेपेस सचोटीचा मिळाला होता : मार्क ट्वेन. बाईंच्या हातीं पुस्तकाचे सुमारें साडेचार लाख डॉलर आले.

मुलानें त्या सकाळीं थांबविलेलें घड्याळ अद्यापि तेथें आहे. आठ वाजून आठ मिनिटें.