सूर्य मावळल्यावर तापणारा खांब

चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ, शिवशक्ती बिंदूवर, दिवसाचे कमाल तापमान सुमारे ८२ अंश सेल्सिअस नोंदले गेले. आणि तिथून अवघ्या एका मीटरवर, सपाट जागी, ते सुमारे ५९ अंश होते. चांद्रयान-३ वरील 'चास्टे' या उपकरणाच्या नोंदींचे हे विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बातम्यांचा भर पाण्याच्या बर्फाच्या शक्यतेवर होता. माझे लक्ष मात्र त्या एका मीटरवर खिळले. विक्रम यान जिथे उतरले तिथला उतार सूर्याच्या दिशेने जेमतेम सहा अंशांनी कललेला आहे. तेवढ्या कलाने वीस अंशांहून अधिक फरक पडला. त्या परिसराची सरासरी काढली असती, तर हा फरक कधी दिसलाच नसता.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान उतरले, तेव्हा त्याचे नियंत्रण बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील इस्ट्रॅकच्या कक्षातून होत होते. मी याच पीण्यात काम करते. माझ्या वाट्याला चंद्र नाही, भिंती आल्या आहेत. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून भिंतींमधून जाणारी उष्णता मोजत बसणे काही नातेवाइकांना अजूनही थोडे कमीपणाचे वाटते. पण चंद्राच्या मातीत आणि कारखान्याच्या भिंतीत उष्णतावहनाचे समीकरण एकच आहे. फूरिये यांनी ते १८२२ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले, आणि त्याची उकल आज आपण संगणकावर करतो.

इमारतीच्या भिंतीसाठी साधारणपणे एकच आकडा सांगितला जातो : यू-मूल्य. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ते हा आकडा सांगतो. २०१८ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे. अशा अटी आवश्यकच आहेत. मात्र भिंत ही एकजिनसी वस्तू नसते, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

एक हिशेब करून पाहू. आपल्याकडे ज्यांना सर्रास सिपोरेक्स म्हणतात, त्या एएसी ब्लॉकची उष्णतावाहकता सुमारे ०.१८ असते, आरसीसीची सुमारे १.५८. दोन्हींची जाडी २०० मिलिमीटर धरली आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरांचा रोध ०.१७ मिळवला, तर ब्लॉकच्या भागाचे यू-मूल्य ०.७८ येते आणि काँक्रीटच्या भागाचे ३.४. आता भिंतीचा ८० टक्के भाग ब्लॉकचा आणि २० टक्के भाग खांब व तुळयांचा आहे असे समजा. एकूण सरासरी १.३० येते. त्यातला काँक्रीटचा वाटा ०.६८, म्हणजे निम्म्याहून अधिक उष्णता भिंतीच्या एक पंचमांश भागातून जाते. या वाटांना औष्णिक सेतू म्हणतात.

हा हिशेबही आशावादीच आहे. त्यात उष्णता सरळ आरपार जाते, आजूबाजूला वळत नाही, असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात ती सोपी वाट शोधते : ब्लॉकमधून तिरपी होत खांबाकडे सरकते, बाहेर डोकावणाऱ्या सज्जातून आत येते. म्हणून समांतर वाटांचा हिशेब नेहमी खालची मर्यादा देतो. खरा प्रवाह तेवढा किंवा त्याहून अधिकच असतो. तो किती अधिक, हे कळण्यासाठी द्विमितीय किंवा त्रिमितीय प्रतिमान लागते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे 'थर्म' हे विनामूल्य सॉफ्टवेअर हेच काम करते. भिंतीचा छेद काढायचा, प्रत्येक पदार्थाची वाहकता द्यायची, सीमांवरची तापमाने ठरवायची. मग सॉफ्टवेअर त्या छेदावर त्रिकोण-चौकोनांची जाळी पसरून प्रत्येक बिंदूचे तापमान काढते. जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर एका टक्क्याहून कमी बदलले, तर मी त्यावर विश्वास ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात एका लहान यंत्रशाळेच्या पश्चिम भिंतीचे असे प्रतिमान मी केले. मालकांनी जुनी विटांची भिंत काढून ब्लॉकची बांधून घेतली होती, तरी आतला उकाडा म्हणावा तसा कमी झाला नव्हता. रंगीत चित्र घेऊन मी तिथे गेले. निळसर भिंतीत खांब तांबडे दिसत होते. बेळगावकडचे एक काका तिथे वर्षानुवर्षे लेथ चालवतात. त्यांनी चित्र हातात घेऊन बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "मॅडम, ह्यात आमचं लेथ कुठं आलं?"

माझे चित्र भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाशी संपत होते. मी बोटाने जागा दाखवली : तांबड्या खांबाला अगदी लागून. काका म्हणाले, "तरीच. पण हा खांब उन्हात नाही तापत, ऊन गेल्यावर तापतो. दुसऱ्या पाळीला पाठ टेकवत नाही."

हे वाक्य भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. माझे चित्र स्थिर अवस्थेचे होते. ऊन कायम तसेच राहील असे मानणारे. काळ मोजायचा असेल तर पदार्थाची उष्णता साठवण्याची क्षमताही समीकरणात आणावी लागते. २०० मिलिमीटर काँक्रीटमधून दैनंदिन तापमानाची लाट आत पोहोचायला सुमारे पाच तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन चारच्या सुमारास सर्वाधिक असेल, तर आतला खांब रात्री नऊच्या आसपास सर्वाधिक उष्ण होतो. लाटेची उंची वाटेत बरीच कमी होते, पण ती जेव्हा पोहोचते तेव्हा दुसरी पाळी ऐन कामात असते, आणि कार्यालयातली माणसे केव्हाच घरी गेलेली असतात. दुपारी घेतलेल्या नोंदीत ती दिसत नाही.

त्यानंतर मी काळानुसार बदलणारे प्रतिमान केले आणि थर्मोकपल रात्री दहापर्यंत लावून ठेवले. दोन्हींनी काकांच्याच बाजूने साक्ष दिली. उपाय हिशेबातच होता. खांब आणि तुळयांवर बाहेरून २५ मिलिमीटर जाडीचा फोमचा थर दिला, तर त्या भागाचे यू-मूल्य ३.४ वरून सुमारे १ वर येते, आणि संपूर्ण भिंतीची सरासरी १.३० वरून ०.८२ वर. पंचमांश भिंत झाकून एक तृतीयांशाहून अधिक उष्णता रोखली जाते. मालकांनी खर्चाचा विचार करून सध्या लेथलगतचे दोन खांब झाकून घेतले आहेत. बाकीच्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तोपर्यंत त्यांच्याजवळची माणसे रात्री तशीच काम करत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, संहितेतील आकडा इमारतीविषयी असतो; उष्णता मात्र ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक माणसाच्या पाठीवर पोहोचते. प्रतिमान करण्याचे खरे प्रयोजन सरासरीत हरवलेली ती जागा आणि वेळ शोधणे, हेच आहे. ज्यांना या क्षेत्रात यावेसे वाटते त्यांनी आपल्या घराच्या पश्चिम भिंतीपासून सुरुवात करावी. छेद काढा, खांब कुठे आहे ते पाहा, संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला हात लावून बघा. आणि चित्र पूर्ण झाले की त्याच्या कडेला, भिंतीच्या आत, तिथे रोज कोण बसते तेही लिहून ठेवा.