बेळगाव–निपाणी रस्त्यावर जुन्या गाडीसह

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांत वडिलांच्या काळातील दोन वस्तू अजूनही दृष्टीस पडतात. एक, माळ्यावरचा तांब्याचा बंब आणि दुसरी, पडवीत गोणपाटाखाली झाकलेली मोटारसायकल. बंब निरुपयोगी झाला तरी त्याला कोणी घराबाहेर काढीत नाही. मोटारसायकलीचे नशीब तसे नसते. फरशीवर तेलाचा डाग पडू लागला आणि दिवा मिणमिणू लागला, की तिला भंगारात देण्याची भाषा सुरू होते. वास्तविक हे दोन्ही दोष पुष्कळदा किरकोळ असतात. ते शोधण्याची रीत ठाऊक नसल्यामुळे कित्येक चांगल्या गाड्या मोडीत निघाल्या आहेत.

या गाड्या बहुधा दोन घराण्यांतल्या. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली व बुलेट तेथे तयार होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा व पुढे येझदी बाहेर पडू लागल्या; तो कारखाना १९९६ साली बंद झाला. 'जावा' हे नावही जोडनाव आहे. यानेचेक या चेक उद्योजकाने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचे आराखडे घेतले आणि त्या दोन नावांच्या आद्याक्षरांतून हे तिसरे नाव सिद्ध झाले.

आमच्या बेळगावच्या घरी वडिलांची अशीच एक दोन-स्ट्रोक गाडी होती. विकण्यापूर्वी तिला एकदा निपाणीपर्यंत नेऊन आणावे, असे आम्हा दोघा भावांत ठरले. वडिलांनी तंबाखूच्या वखारीतील नोकरीत हाच रस्ता वर्षानुवर्षे तुडवला होता. डिसेंबरातील एका दुपारी आम्ही निघालो.

बेळगाव हे यंत्रावर हात बसलेल्या माणसांचे गाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते येथेच. १९१० साली त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, परंतु लोखंडाशी जुळलेले या शहराचे नाते तुटले नाही. उद्यमबागेतील ओतशाळा आणि लेथ आजही त्याची साक्ष देतात. शहर मागे पडल्यावर पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, म्हणजे आताचा ४८, उत्तरेकडे वळतो. राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती गेले, होनगा गेले आणि वंटमुरीचा घाट समोर आला.

घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी केली, तेव्हा इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा थेंब लोंबत होता. थेंब तळाच्या बोल्टवर दिसला, की माणूस पाना घेऊन तोच बोल्ट आवळू लागतो. त्यातून अॅल्युमिनियमचे आटे मात्र जातात. तेल उतारावरून वाहते आणि सर्वांत खालच्या टोकाशी थेंब धरते; म्हणून जेथे ते दिसते तेथूनच ते निघाले असेल असे नाही. इंजिन निववून ती बाजू रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ केली, कोरडी पुसली आणि तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मैलभर जाऊन पाहिले, तो पांढऱ्या पावडरीवर किकच्या दांड्यापासून निघालेली एक काळी रेघ उमटलेली होती. तळाच्या बोल्टाभोवती ओल होती, पण ती वरून आलेली. दांड्याभोवतीचे रबर वयोमानाने कडक झाले होते. थेंब सावकाश येत होता आणि मागच्या चाकाकडे उडत नव्हता. गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहून थोडी भर घातली आणि आम्ही पुढे निघालो. तळाचाच बोल्ट खरोखर गळत असेल, तर त्याखालची तांब्याची चकती आगीवर लाल करून थंड होऊ द्यावी. ती पुन्हा मऊ होते आणि नीट बसते.

बुलेटवाल्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या गाडीचे तेल इंजिनातीलच स्वतंत्र कप्प्यात साठते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर ते हळूहळू झिरपून खाली क्रँकपाशी उतरते आणि सुरू करताच श्वासनळीतून बाहेर फेकले जाते. ते पाहून लगेच इंजिन खोलू नये. थोडा वेळ चालवल्यावर पंप तेल परत वर नेतो. त्यानंतरही गळती राहिली, तरच पुढचा विचार करावा.

यमकनमर्डी, हत्तरगी करीत हिरण्यकेशीकाठच्या संकेश्वरला पोहोचेपर्यंत दिवस मावळला. मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी चहा घेतला आणि दिवा लावला, तर त्याचा उजेड निरांजनाएवढा! हॉर्न दाबला की तोही विझू पाही. पुढे तवंदीचा घाट आणि मालमोटारींची रांग. अशा दिव्यावर तेथे जाणे म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरी संपली, असे जमलेल्या मंडळींचे एकमत झाले.

आमच्या पिशवीत एक लहान बल्ब व त्याला जोडलेल्या दोन तारा होत्या. बॅटरीच्या दोन टोकांना त्या लावताच बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरीत जीव होता. मग एक तार बॅटरीच्या धन टोकाला तशीच ठेवून दुसरी पुढच्या दिव्याच्या धातूच्या कवचाला टेकवली. बल्ब मंदावला. वीज दिव्यापर्यंत जात होती, परंतु तिला परतीची वाट नीट मिळत नव्हती. ही परतीची वाट, म्हणजे 'अर्थ', गाडीच्या सांगाड्यातून जाते. जेथे तार सांगाड्याला स्क्रूने जोडलेली असते, तेथे गंज आणि रंग यांचे पापुद्रे चढले होते. बॅटरीची अर्थची तार आधी सोडली, पॉलिश पेपरने तेवढी जागा धातू चमकेपर्यंत घासली आणि स्क्रू पुन्हा आवळला. दिवा उजळला, हॉर्नलाही कंठ फुटला. सहा व्होल्टच्या गाडीत अशा सांध्यांना फार जपावे लागते. एका व्होल्टची घट बारा व्होल्टांत बारावा हिस्सा, तर सहा व्होल्टांत सहावा हिस्सा असते.

कोणी सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद फ्यूजला गुंडाळण्याचा सल्ला देतो. तंबाखूच्या मुलखात तो सहज मिळतो, तरीही तो सल्ला ऐकू नये. फ्यूज जळतो तो कोठेतरी तारेचे आवरण सोलून ती सांगाड्याला लागल्यामुळे. ती जागा न शोधता कागद लावला, तर पुढच्या वेळी तारच जळते आणि वर पेट्रोलची टाकी असते.

कणगला, तवंदी, स्तवनिधी करीत रात्री निपाणीस पोहोचलो. याच रस्त्यावर १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी ठाण मांडले होते आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांच्यातले काही प्राणाला मुकले. वडील त्या दिवसांविषयी क्वचितच बोलत.

सकाळी गिअरबॉक्सचे तेल पुन्हा पाहिले. पायथ्याशी भर घातली होती, बाहेर थेंबथेंबच गळत होते, तरी पातळी बरीच उतरली होती. शिवाय धूर नेहमीपेक्षा दाट होता आणि प्लग तेलाने काळा झाला होता. वडिलांच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलणाऱ्या या गृहस्थांना सारे 'मामा' म्हणतात. त्यांनी धूर हुंगला आणि म्हणाले, "बाळांनो, तेल खाली गळालं तर डोळ्यांना दिसतंय. आत गेलं तर नाकानं ओळखायचं." क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील झिजले होते आणि इंजिन गिअरबॉक्समधील तेल आत ओढून जाळत होते. फरशीवर डाग न पाडणारी ही गळती खरी घातक. तिने गिअर कोरडे पडतात. दुपारपर्यंत मामांनी ते सील बदलले. तेच झाकण उघडले होते, म्हणून किकच्या दांड्याचे रबरही नवे बसवले.

"आमच्या पोरांना पॉइंट कसे घासायचे ते ठाऊक नाही," ते हात पुसत म्हणाले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता, पण आम्ही दोघेही काही वेळ गप्प राहिलो. वडिलांच्या गाडीचा कान ओळखणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. गाडी विकण्याचा विषय परतीच्या वाटेवर निघाला नाही.

ज्या घरी अशी गाडी असेल, त्यांनी तिला महिन्यातून एकदा तरी फिरवून आणावे. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन त्यावर व्हॅसलीनचे बोट फिरवावे. सील आणि क्लच मिस्त्रींकडे सोपवावेत. मात्र पुसणे, पाहणे आणि बल्ब लावून तपासणे घरच्या मुलामुलींना शिकवावे. त्यासाठी एक फडके, थोडे रॉकेल, पावडरीचा डबा आणि दोन तारांचा बल्ब एवढे साहित्य पुरते.