विमान कधी उडणार, एवढंच विचारत राहिलो

कऱ्हाड आणि कवलापूरच्या विमानतळावर मी आजवर किती बातम्या केल्या, मोजलं नाही. पण बहुतेक बातम्यांत एकच प्रश्न होता, विमान कधी उडणार? धावपट्टीवरचं पावसाचं पाणी कुठं जाणार, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक माझीच.

कऱ्हाडची धावपट्टी १९५५ ची, कोयना प्रकल्पासाठी केलेली. लांबी साधारण १२८० मीटर, रुंदी ३०. आता साधं गणित करा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एवढ्या डांबरावर ३८ लाख लिटर पाणी पडतं. रान असतं तर त्यातलं बरंचसं मुरलं असतं. विस्तारीकरण म्हणजे हे डांबर आणखी वाढणार, तेही वारुंजी, केसे, मुंढे भागातल्या बागायतीवर. शेजारी कोयना आणि खाली सांगली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, विसरलो नाही ना? धोक्याची पातळी ४५ फूट. पूर काही धावपट्टीमुळं येत नाही, हे मलाही कळतं. पण पाणी मुरायची जागा आपण कुठं कुठं बुजवली, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला नको?

कोची विमानतळाचं उदाहरण सगळे देतात. २०१५ पासून पूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ. २०१८ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कारही मिळाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात हा विमानतळ दोन आठवडे बंद होता! धावपट्टीवर पाणी, सौर पॅनेलचंही नुकसान. विजेचा हिशेब चोख होता, पाण्याचा राहून गेला. पुढं त्यांनी कालवे, ओढे मोकळे करायचं काम हाती घेतलं. म्हणजे सुधारता येतं. पण आधी मोजलं तर स्वस्तात होतं.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. आपल्या पोरांना पुणे-मुंबईच्या फेऱ्या मारायला लागू नयेत, असं मलाही वाटतं. पण यापुढं नेता असो वा अधिकारी, उड्डाणाची तारीख विचारण्याआधी तीन प्रश्न विचारणार : बागायत किती जाणार? ओढे कुठं वळवणार? पडलेलं पाणी कुठं मुरवणार?

उत्तर मिळालं की इथंच टाकतो. नाही मिळालं, तर तेही टाकतो.