करावे लागते, पण कुणामुळे?

आज पीकपाण्याचे बाजूला ठेवून दोन इंग्रजी शब्दांविषयी बोलायचे आहे. घाबरून पान उलटू नका. शब्द अगदी साधे आहेत, ‘हॅव’ आणि ‘टू’. तुमच्या घरातली शाळकरी पोरे ते रोज वाचतात. महाराष्ट्रात मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. आमच्या वेळी ते पाचवीला भेटायचे, आणि भेटले की घाम फुटायचा. त्यामुळे पोर वही घेऊन आले की आपण ‘तुझ्या बाईंना विचार’ म्हणून मोकळे होतो. मी स्वतः तीस वर्षे खेड्यातल्या शाळेत बाई होते, म्हणून सांगते. या दोन शब्दांसाठी बाईंपर्यंत जायला नको. त्यांचा अर्थ तुमच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येतो.

नुसते ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. ‘आय हॅव अ काऊ’, माझ्याकडे गाय आहे. मराठीत याला एकच एक क्रियापद नाही. आपण म्हणतो, मला दोन मुली आहेत, माझ्याकडे बैलजोडी आहे, गाईला शिंगे आहेत. इंग्रजीत या सगळ्यांना एक ‘हॅव’ पुरतो. पण त्याच्यापुढे ‘टू’ आला की अर्थ पालटतो. हा ‘टू’ म्हणजे दोन नव्हे, हे मुलांना आधी सांगावे. ‘आय हॅव टू गो’ म्हणजे मला जावे लागते. ‘ही’, ‘शी’ किंवा एकट्या माणसाचे नाव असले तर ‘हॅज टू’. पुढचे क्रियापद मात्र आहे तसेच राहते. ‘शी हॅज टू गो’, तिथे ‘गोज’ करायचे नाही.

गंमत पाहा. इंग्रज काम जवळ बाळगतो, आपल्याला ते येऊन लागते. भूक लागते, ठेच लागते, उन्हाची झळ लागते, तसेच रानात जावे लागते. करणाऱ्याच्या मनात असो वा नसो.

झालेल्या गोष्टीला ‘हॅड टू’ म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात माझी आई सरकारी कामावर खडी फोडायला गेली. हौसेने गेली नव्हती. ‘शी हॅड टू ब्रेक स्टोन्स’, तिला दगड फोडावे लागले. वर्गात मी हेच उदाहरण देत असे. कितीतरी मुलांच्या आज्या त्याच खडीवर बसलेल्या होत्या, त्यामुळे ‘हॅड टू’ दुसऱ्यांदा समजावण्याची वेळ येत नसे. पुढे करावे लागणार असेल तर ‘विल हॅव टू’. झाले व्याकरण.

आता एक बारकावा. ‘मस्ट’ नावाचा आणखी एक शब्द आहे. ‘यू मस्ट गो’ म्हणजे तू गेलेच पाहिजेस. त्यात बहुधा बोलणाऱ्याची स्वतःची ताकीद असते. ‘यू हॅव टू गो’ मध्ये सक्ती बहुधा बाहेरून आलेली असते. नियमाची असेल, वेळेची असेल, परिस्थितीची असेल. पण कुणाची, ते त्या वाक्यात येत नाही. आपल्या ‘लागते’चेही तसेच आहे. लावणारा दिसत नाही, फक्त लागलेले दिसते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नववीतल्या नातीला गृहपाठ होता, घरातल्या माणसांवर ‘हॅव टू’ची दहा वाक्ये. तिने लिहून मला दाखवली. इंग्रजी बिनचूक होते. मी म्हटले, “आता सगळ्यांना मराठीतून वाचून दाखव.” आईला पहाटे चारला उठावे लागते. आईला सगळ्यांचे पाणी तापवावे लागते. आईला शेण काढून गोठा झाडावा लागतो. अशी सहा वाक्ये आईची. दोन बापाची. रात्रीची वीज असली की पाणी द्यायला जावे लागते, मार्चअखेर सोसायटी भरावी लागते. एक माझे, आजीला गोळ्या घ्याव्या लागतात.

तिचा धाकटा भाऊ रुसला. “माझं एकही नाही?”

“तुझी सगळी ‘वॉन्ट टू’त बसतात,” ती म्हणाली. ‘वॉन्ट टू’ म्हणजे करावेसे वाटते. आम्ही सारे हसलो. सूनही हसली, पण जरा उशिरा.

दहावे वाक्य नातीचे स्वतःचे होते. ‘आय विल हॅव टू स्टॉप आफ्टर टेन्थ.’ दहावीनंतर मला थांबावे लागेल.

मी विचारले, “कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही. कॉलेज तालुक्याला आहे, शेवटची गाडी लवकर सुटते. थांबावं लागणारच ना?”

माझ्या मुलाचा हातातला घास हातातच राहिला. तो तसे कधी बोलला नव्हता. पण शिकशील पुढे, असेही कधी बोलला नव्हता. थोड्या वेळाने त्याने मलाच विचारले, “आई, यात ‘नाही’ कसं घालतात?”

मी सांगितले. ‘हॅव’ला सरळ ‘नॉट’ चिकटवायचे नाही. ‘आय डोन्ट हॅव टू गो’ म्हणायचे. ‘शी’ असेल तर ‘डझन्ट हॅव टू’, तिथे ‘हॅज’चा परत ‘हॅव’ होतो. मागचे असेल तर ‘डिडन्ट हॅव टू’, पुढचे असेल तर ‘वोन्ट हॅव टू’. याची आणि ‘मस्ट नॉट’ची मुले फार गल्लत करतात. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे जायचे नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे जायलाच हवे असे नाही, वाटले तर जा. एकात कुंपण आहे, दुसऱ्यात मोकळे रान.

“मग तिथं ‘वोन्ट’ लिही,” तो लेकीला म्हणाला आणि जेवू लागला. गाडीचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही. ठरवता येईल. वहीतले वाक्य तेवढे त्या रात्री बदलले.

वाचकहो, ‘लागते’ म्हटले की आपण मान तुकवतो. पण एकदा विचारून पाहावे, कुणामुळे? धार काढावी लागते ती गाईमुळे, तिला रविवार नसतो. पेरणीची घाई करावी लागते ती पावसामुळे. हप्ता भरावा लागतो तो आपण केलेल्या सहीमुळे. यांतून सुटका नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण घरादाराचे पाणी एकट्या आईने का तापवावे? पोरीने दहावीला का थांबावे? इथे ‘कुणामुळे’ म्हणून विचारले तर पुष्कळदा कुणीच पुढे येत नाही. जिथे लावणारा सापडत नाही, तिथे एक ‘डोन्ट’ घालून पाहायला काय हरकत आहे?

तेव्हा आज दिवेलागणीनंतर घरातल्या पोरांना बसवा आणि आपल्याच घरावर ‘हॅव टू’ची दहा वाक्ये लिहायला सांगा. तुम्हांला इंग्रजी तपासता आले नाही तरी चालेल. त्यांच्याकडून ती मराठीत वाचून घ्या, आणि कुणाच्या नावावर किती पडली ते बोटांवर मोजा.