आठ महिन्यांची ओहोटी

समुद्र आमच्या वाट्याला आला नाही. लातुराहून पश्चिमेस निघावे, तर बालाघाटाची पठारे, भीमेचे खोरे आणि शेवटी सह्याद्रीची भिंत ओलांडल्यावाचून कोकणची खारी हवा अंगाला लागत नाही. नांदेडाहून पूर्वेस निघावे, तर गोदावरीच्या सोबतीने तेलंगण आणि आंध्र हे दोन्ही मुलूख पालथे घातल्यावर कुठे बंगालचा उपसागर दृष्टीस पडावयाचा. आणि तरीही या दोन समुद्रांशी आमचे नाते तुटलेले नाही. निलंग्याच्या किंवा मुखेडच्या शिवारात पडणारा बराचसा पाऊस ज्या ढगांतून येतो, ते पश्चिमसमुद्रावरून उठून सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतांशी रिते होऊन आमच्यापर्यंत पोहोचतात; आणि जे थोडे पाणी ते येथे देऊन जातात, त्यांतले जमिनीत न मुरलेले सारे ओढ्यांतून मांजरेला, मन्याडला, आसनेला आणि त्यांच्यामार्फत गोदावरीला मिळून अखेर पूर्वसमुद्राचा रस्ता धरते.

या वाटेवर पाणी जेथे जेथे घटकाभर थांबते, तेथे तेथे आमचा किनारा आहे. कोकणच्या किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. आमच्याकडे भरती वर्षातून एकदाच येते, श्रावण-भाद्रपदात, आणि मग कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत, आठ महिने, एकच संथ ओहोटी चालू राहते. पाणी रोज वीतभर मागे सरते आणि जेवढी जमीन उघडी पडते तेवढीवर दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी येऊन संसार मांडते. माणसे, पाखरे, मासे, लव्हाळे या सर्वांचे पंचांग या सरत्या रेषेवर बांधलेले आहे, आणि ही रेषा जिने डोळसपणे पाहिली नाही त्या नजरेला मराठवाडा म्हणजे केवळ काळी ढेकळे आणि बाभळी एवढाच दिसतो.

कंधारचा जगत्तुंग समुद्र पाहिला म्हणजे या किनाऱ्याचे वय कळते. हजार वर्षांहून जुना असा हा विस्तीर्ण तलाव राष्ट्रकूटांच्या काळातला. तिसऱ्या गोविंदाचे ‘जगत्तुंग’ हे बिरुद त्याने धारण केले आहे आणि कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात त्याचा याच नावाने उल्लेख आहे. ज्या राजांनी वेरूळचा डोंगर कोरला, त्यांनीच या अवर्षणप्रवण पठारावर पाणी अडवून त्याला समुद्र म्हटले, यात मला दिमाखापेक्षा आस्थाच अधिक दिसते. जवळच्या भुईकोट किल्ल्यावर पुढे बहमनी, निजामशाही आणि मोगल असे अंमल आले आणि गेले. पाण्याचा अंमल मात्र टिकून राहिला. हिवाळ्यात अशा जलाशयांच्या काठी सकाळच्या उन्हात उभे राहिले की चक्रवाकांची जोडपी उथळ पाण्याच्या कडेने, नारिंगी-तपकिरी अंग सावरीत, आपल्या भारदस्त चालीने फिरताना आढळतात. ही पाखरे लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी जन्मलेली. संस्कृत कवींनी त्यांना रात्रीच्या विरहाचा शाप दिला. प्रत्यक्षात मात्र नरमादी रात्रंदिवस एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असतात. त्यांच्या आसपास शेकाटे आपल्या तांबड्या, काडीसारख्या पायांनी चिखल तुडवीत असतात, वारकऱ्यांचे काळे थवे खोल पाण्यात डुलत असतात, आणि कवड्या धीवर एका जागी पंख फडफडवीत अधांतरी लटकून, मासा दिसताच दगडासारखा खाली कोसळतो.

पण माझे मन खरे रमते ते गोदावरीच्या वाळूत. नांदेडच्या वरच्या अंगास विष्णुपुरीच्या बंधाऱ्याने नदी अडवून तिचा शंकरसागर केला आहे. तेथे पाणी दरडीपासून दरडीपर्यंत उभे असते आणि उपसा योजनेच्या पंपांनी वर चढून शिवारात जाते. शहराचे घाट, गुरुद्वाऱ्याची सोनेरी झळाळी, आसनेचा संगम हे सारे मागे टाकून खाली निघाले, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी नदी आपले खरे अंग दाखवू लागते: दोन्हीकडे काळ्या मातीच्या उभ्या दरडी, मध्ये वाळूची लांबरुंद बेटे, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा निळसर, गुडघाभर प्रवाह. मळईच्या ओलीवर गाळपेर होते. हरभरा, गहू, करडई यांना वरून पाण्याचा थेंब लागत नाही. वाळूत ओळीने खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून टरबुजाच्या आणि खरबुजाच्या वाड्या लावतात, आणि त्या राखणारी कुटुंबे होळीच्या पुढेमागे नदीतच खोपी घालून राहतात. प्यायचे पाणी प्रवाहातून न घेता हातभर झिरा उकरून घ्यावे, तर वाळूतून गाळून आलेले ते पाणी वैशाखातही गार लागते.

याच वाळूवर टिटवी अंडी घालते. घरटे म्हणावे असे काही नसतेच. जमिनीत किंचितसा खळगा, भोवती चार खडे, आणि त्यांत टोके आत वळवून ठेवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके असलेली चार अंडी. पाऊल टाकण्यापूर्वी ती दिसत नाहीत, आणि दिसली की टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश मांडते. आमच्याकडचे शेतकरी ती अंडी मोजतात आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस असा अंदाज बांधतात. खोलगट जागी घातली तर पाणी कमी, उंचावर घातली तर पूर मोठा. एकदा दुपारच्या भर उन्हात, दरडीवरल्या बाभळीच्या सावलीत बसून मी एका टिटवीला पाहत होतो. वाळू पायाला चटका देईल इतकी तापली होती. ती अंड्यांवरून उठली, तुरुतुरु धावत प्रवाहाच्या कडेला गेली, उथळ पाण्यात बसून तिने पोटाची पिसे पुन्हापुन्हा बुडविली आणि निथळत्या अंगाने परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. उबविण्यासाठी नव्हे, निवविण्यासाठी ती त्या अंड्यांवर बसली होती. तिच्यापासून पाणी पन्नास पावले दूर गेले असते तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून मला सोडीत नाही.

नदी सुरय तर याहून हट्टी. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा, कात्रीसारख्या शेपटीचा हा देखणा पक्षी अंडी घालतो ती पाण्याने चारी बाजूंनी वेढलेल्या वाळूच्या बेटावरच, कारण तेथे कोल्ह्या-कुत्र्यांचा उपद्रव पोहोचत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याचा हा मोसम. बेट मुख्य काठाला जोडले गेले की घरटी संपली.

मांजरेची हकीकत वेगळी आणि दुःखाची. बीडच्या डोंगरात उगम पावून, लातुरास पाणी पाजून ती कर्नाटकात आणि तेलंगणात जाते, तेथे उत्तरेकडे वळून निजामसागरातून जाते आणि नांदेडच्या सरहद्दीवरून परत येऊन कुंडलवाडीच्या पुढे, कंदकुर्तीजवळ गोदावरीच्या पदरात पडते. माहेर सोडून सारा मुलूख फिरून आलेल्या लेकीसारखी. 2016 च्या एप्रिलात तिच्या धनेगावच्या धरणाचा काठ सरकत सरकत धरणाच्या तळाशी जाऊन संपला, आणि लातूरच्या तहानेसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या वर्षी लातूरकरांना हंड्यांची चिंता होती, पाखरांची विचारपूस कोणी करावी? परंतु तीच ओहोटी दोघांवर एकदमच आली होती, हे विसरून चालणार नाही.

संगमाच्या वरच्या अंगाला, धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. दोन राज्यांचा त्यावरून तंटा झाला आणि 2013 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर चौदाही दरवाजे वर राहावेत, मग खाली टाकावेत. म्हणजे येथल्या भरती-ओहोटीच्या तारखा आता न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेल्या आहेत. मला हे गैर वाटत नाही. नदीवर पोट असलेल्यांची संख्या वाढली की वाटणी ठरवावीच लागते. खेद इतकाच, की या वाटणीच्या कागदात दोन राज्ये आहेत, त्यांच्या मध्ये वाळूवर बसणारे कोणी नाही.

आणि वाळू तर रोज उणी होत आहे. शहरांच्या इमारतींना ती हवी, म्हणून महसूल खाते घाटांचे लिलाव करते. लिलावाबाहेर रात्री यंत्रे लावून ती उपसणारे निराळेच. वाळू गेली की खाली चिखल किंवा खडक उघडा पडतो. पुराचे पाणी धरून ठेवून ते हळूहळू झिरपविणारे दुसरे काही नदीच्या पात्रात नाही, म्हणून काठच्या विहिरी लवकर आटतात, झिरे बंद पडतात, आणि रिकाम्या जागेवर बेशरम आणि वेडी बाभूळ अंमल बसवितात. टरबुजाची वाडी, टिटवी आणि विहीर ही तिन्ही एकाच वाळूवर उभी होती हे कळते, ते तिन्ही एकदम गेल्यावर.

लिलावापूर्वी घाटाचा पंचनामा होतो. वाळूची खोली मोजतात, ब्रास मांडतात, हद्दी लिहितात. त्याच कागदात आणखी एक रकाना असावा: या घाटात पाण्याने वेढलेली बेटे किती आणि त्यांवर पाखरे बसतात काय. यासाठी मोठ्या शास्त्रज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. काठावरचे भोई आणि वाडीवाले यांना कोणत्या बेटावर सुरय बसतो, कोणत्या वळणाला टिटवी, हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे. तलाठ्याने चावडीवर बोलावून विचारले तर एका बैठकीत ते सांगतील. ती बेटे माघापासून पहिल्या पुरापर्यंत लिलावातून वगळावीत आणि तेथे यंत्र उतरले तर गावाने ते अडवावे, इतका अधिकार ग्रामसभेच्या हाती असला पाहिजे.