नया नगरातले उस्ताद

मराठा लाइट इन्फंट्रीत मला नायक केलं ते पलटणीनं, पण नायक होण्याजोगं केलं ते मीरा रोडच्या नया नगरातल्या एका ग्रेनेडियरनं. परमवीर अब्दुल हमीदांच्या रेजिमेंटमधून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले, मूळचे खेडकडचे. माझ्या मोठ्या भावाच्या इमारतीत ते राहत. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी पहिल्या दिवसापासून उस्ताद म्हणालो.

कॅडर, म्हणजे नायकाच्या बढतीचा कोर्स, तोंडावर आलं होतं आणि मी सुट्टीवर होतो. ड्रिल, हत्यारं, फायरिंग यांची मला धास्ती नव्हती. लान्स नायकापर्यंत तेवढ्यावर निभतं. नायकाला सेक्शन चालवायचं असतं: नकाशा वाचायचा, जमीन बघून बेत आखायचा आणि हुकूम असा द्यायचा की शेवटच्या जवानालाही शंका राहू नये. शत्रूची खबर, आपलं काम, ते कसं करायचं, दारूगोळा आणि जखमींची सोय, इशारे. हा क्रम मला पाठ होता. उस्तादांना पाठांतर नको होतं.

गच्चीवर डागडुजीची रेती पडली होती. तिचीच त्यांनी टेकडी केली, बोटानं नाला काढला आणि आगपेटीतल्या दहा काड्या सेक्शनचे जवान म्हणून मांडल्या. मी हुकूम देत असताना मध्येच एक काडी उचलायचे. "एलएमजीवाला पडला. गन कोण घेणार?" मी नाव सांगितलं की पुढचा सवाल, "त्याला ठाऊक आहे का?" मग सगळा हुकूम पहिल्यापासून. मगरीबच्या नमाजाला खाली जात, आणि परत आले की माझीच काडी उचलत. "तू पडलास. आता?"

एकदा मी त्यांना नायक यशवंत घाडगेंची गोष्ट सांगितली. घाडगे आमच्या रेजिमेंटचे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांचं सगळं सेक्शन मशीनगनपुढे मेलं नाहीतर जखमी झालं. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडनं गन बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं आणि तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही जवान ही गोष्ट छाती फुगवून सांगतो. उस्तादांनी ती शांतपणे ऐकली. म्हणाले, "त्यांच्यामागं कुणी उरलंच नव्हतं, पोरा. तुझ्यामागं कुणी उरलं आणि त्याला काय करायचं ते ठाऊक नसलं, तर तो गुन्हा तुझा."

कॅडरच्या परीक्षेत, हल्ला अर्ध्यावर असताना, परीक्षक साहेबांनी मला पडून राहायला सांगितलं. माझ्या लान्स नायकानं क्षणाचाही वेळ न लावता सेक्शन हातात घेतलं, एलएमजी डावीकडे सरकवली आणि टेकडी घेतली. पास मी झालो.

पुढच्या सुट्टीत पेढे घेऊन गेलो. उस्तादांनी एक तोंडात टाकला, मला जवळ घेतलं आणि डबा बंद करून परत माझ्याच हातात दिला.

"हे त्या लान्स नायकाला दे. आणि त्याचं कॅडर कधी आहे ते सांग."