जहाज कोणाचे?



षष्ठी विभक्तीचा ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय आपण शाळेतच पाठ करतो आणि तो ‘संबंध’ दाखवतो एवढे सांगून पुढे जातो. तो संबंध मालकीचा, वहिवाटीचा की केवळ आश्रयाचा, हे मात्र प्रत्यय सांगत नाही. या मौनापायी समुद्रावर तोफा डागल्या गेल्या आहेत.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोकणच्या किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराची सत्ता होती. व्यापारी गलबतांनी त्यांचे ‘दस्तक’, म्हणजे परवाना, घेऊनच ये-जा करावी असा दंडक होता. दस्तक नसेल तर गलबत मालासह पकडले जाई. ही रीत नवी नव्हती. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना सोळाव्या शतकापासून देत आले होते.

१७१३ साली कान्होजी आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला. इंग्रजांचे निशाण केवळ इंग्रजांच्या जहाजांनीच लावावे, असे त्यात ठरले. वाक्य साधे आहे. पण ‘इंग्रजांचे जहाज’ म्हणजे कोणते? कंपनीच्या मालकीचे? एखाद्या इंग्रजाने खाजगी व्यापारासाठी बाळगलेले? की कंपनीच्या आश्रयाला असलेल्या हिंदी व्यापाऱ्याचे? आणि जहाज इंग्रजाचे, पण आतला माल हिंदी सावकाराचा असेल तर? कंपनी या शब्दांचा अर्थ जमेल तितका रुंद करी, कान्होजी तो अरुंद करीत. काही वर्षांतच गलबते पुन्हा पकडली जाऊ लागली आणि १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला. तो फसला.

असे वाद युरोपातही होते. इंग्लंडमध्ये युद्धात पकडलेले जहाज नाविक न्यायालयापुढे येई. कागदपत्रे तपासून जहाज कोणाचे आणि माल कोणाचा, याचा निवाडा होई. मात्र ते न्यायालय पकडणाऱ्याच्याच राजाचे असे. आपल्या किनाऱ्यावर तर दोन्ही पक्षांना मान्य होईल असे न्यायपीठच नव्हते. मग निवाड्याची जागा विशेषणांनी घेतली. इंग्रजांनी कान्होजींना ‘चाचा’ ठरवले. १७२४ च्या सुमारास गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजींनी याला उत्तर दिले. व्यापारीही लोभापासून मुक्त नाहीत, हे सुनावून त्यांनी शिवाजी महाराजांनी उभारलेल्या राज्याचा दाखला दिला. ‘चाचा’ म्हटले की जप्ती ही लूट होते. ‘सरखेल’ म्हटले की तीच कृती राज्याचा अंमल ठरते. या ओढाताणीत बुडत असे तो मात्र ज्याचा माल जहाजावर असे तो व्यापारी.

हे सारे मला दूरचे वाटत नाही. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत, पागडीच्या खोलीत गेले. आम्ही तिला ‘आमची खोली’ म्हणत असू. घरमालकही तिला ‘माझी खोली’च म्हणत. दोघांचेही व्याकरण शुद्ध होते. लालबाग-परळमध्ये गिरण्या बंद पडल्यावर ‘गिरण्यांची जमीन’ या दोन शब्दांवरून मालक, कामगार आणि शासन यांच्यात किती वर्षे झगडा चालला, हे तुमच्यापैकी अनेकांनी घरातच ऐकले असेल.

आज मुंबईच्या फोर्ट भागात, जेथे कंपनीचा किल्ला होता तेथे, भारतीय नौदलाचे ‘आयएनएस आंग्रे’ हे ठाणे आहे. १९५१ साली त्याला हे नाव मिळाले. ज्यांना त्या किल्ल्यातून चाचा म्हटले गेले, त्यांचेच नाव आता त्या जागेला आहे. शब्दांचा निकाल कधीकधी असा उशिरा लागतो.

तुम्ही नोकरी, संसार सांभाळून हा अभ्यास करता. भाडेकरार, हमीपत्रे, नियुक्तिपत्रे यांवर सह्याही करता. पुढच्या वेळी असा कागद हाती आला, तर त्यातील प्रत्येक षष्ठीपाशी क्षणभर थांबा आणि विचारा : हा ‘चा’ मालकीचा, वहिवाटीचा की आश्रयाचा? आणि वाद झालाच, तर त्याचा अर्थ कोण ठरवणार? व्याकरण शिकायचे ते यासाठीही.